पोत्याखालचा माल

१ जुलै

आजपासून मी माझ्या मनातील विचार या दैनंदिनीत नियमितपणे शब्दबद्ध करणार आहे.

हे एक वाक्य लिहूपर्यंत चहा थंड झाला. असंच लिहायचं असन तं दिवाळीपर्यंत एक पान भरत नाही. त्यापेक्षा जशी बोलते तशीच लिहिते. कोणाले दाखवायचं आहे थोडंच.

तं मी वैजयंती. कालपर्यंत कामरगावच्या बाजारात वांगे-टमाटे विकत होती, आजपासून शाळेत मदतनीस. चौथीत सुचिता म्हणून एक पोरगी आहे. तिच्या पायात जन्मापासून जोर नाही. स्टीलचा वॉकर धरून उभी राहते, पण पाऊल टाक म्हटलं का घाबरते. तिले वर्गात बसवणं, मुतारीले नेणं, खिचडीचं ताट आणून देणं, हे माहं काम. हेडमास्तर भाऊसिंग सर म्हणे, "तुमी बारावी पास, गावातल्याच, अन् आवाज दमदार. अजून काय पाहिजे?" आवाजाचं त्यांनी काहून काढलं ते समजलं नाही.

सासूबाई म्हणे, "दुकान सोडून लोकाच्या पोरी उचलत हिंडशीन आता?" मी म्हटलं, आत्याबाई, मळा अन् दुकान तुमचा लेक पाह्यते, बाजारच्या दिवशी शाळा सुटली का मी बी येतेच. तिनं तोंड वाकडं केलं. नाव आवडाबाई आहे, पण लग्न होऊन आल्यापासून तिले काही आवडलेलं मी पाह्यलं नाही.

३ जुलै

पोरांनी 'मॅडम' म्हणावं म्हणून इस्तरीची साडी नेसून गेली. वर्गात पाय ठेवला अन् मागच्या बाकावरून आवाज आला, "भाजीवाली काकू आली." सारा वर्ग हसला. सर्वात मोठ्यानं सुचिता हसली. जिच्यासाठी आली तीच हसते.

वरून मले म्हणते, "काकू, तुह्या दुकानातले टमाटे मागच्या बाजारले नरम होते. मायनं सगळे चटणीत टाकले."

नऊ वर्षाची पोरगी. पायातला सगळा जोर जिभेत जाऊन बसला आहे.

९ जुलै

आज इलाज सापडला.

डॉक्टरनं सांगून ठेवलं का पोरीनं रोज वॉकरवर चाललं पाहिजे. आठवडाभर मी तिले राणी म्हटलं, सोन्या म्हटलं, गोळ्या देऊ केल्या. पोरगी ढिम्म. आज डोकं फिरलं माहं. म्हटलं, "नळापर्यंत चाल."

"नाही."

"दारापर्यंत तरी?"

"बाकापर्यंत."

"बाकापर्यंतचं मी फुकटात बी घेत नाही. पायरीपर्यंत दे, घेऊन टाकते."

तिनं माह्याकडं पाह्यलं. माह्या तोंडून बाजार निघाला होता, मलेच समजलं नाही. ती म्हणे, "पायरीपर्यंत देते, पन वर एक चिंच."

भाव पटला. पायरीपर्यंत गेली. ओठ दाताखाली धरून, घामाघूम होऊन, पण गेली. तिथं उभी राहून पहिले हात पुढं केला, चिंच घेतली, मग श्वास घेतला. जे लाडानं नाही झालं ते भावतावानं झालं. मले तेच येते अन् तिले तेच पटते. सरांनी रजिस्टरात काय शिकवलं ते लिहा म्हटलं होतं. मी लिहिलं, "चालण्याचा सराव." भाव लिहिला नाही.

१८ जुलै

आमचा रोजचा बाजार भरते आता. पायरी सोडून नळाचा भाव चालू आहे. सकाळी फाटकात आजाच्या गाडीवरून उतरता-उतरताच ओरडते, "काकू, आज काय भाव?" बाकीचे गुरुजी माह्याकडं पाहतात. पाहू दे.

मधल्या सुट्टीत तिले दुकानदारीचं ऐकायचं असते. आज मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, गिऱ्हाईक उठून चाललं तं त्याच्या मांगं जायचं नाही. घ्यायचं असन तं तेच परत येते. दुसरी, जो नुसता भाव पाडायले येते त्याले भारी माल दाखवायचाच नाही. पोत्याखाली झाकून ठेवायचा.

"मंग काढायचा कोनासाठी?" म्हणे.

"आपल्या माणसासाठी."

लय मन लावून ऐकते. गणितात एवढं लक्ष दिलं असतं तं सरांनी पेढे वाटले असते.

३० जुलै

पोरगी आज निंबापर्यंत गेली. मैदानाच्या मधातला निंब. वाटेत चिखल होता, त्याले वळसा घालून गेली. मी मांगून चालत होती, हात पुढं धरून, पण हात लावायची वेळच आली नाही. निंबाले टेकून उभी राहिली अन् म्हणे, "दोन चिंचा. भाव वाढला."

खिचडीच्या वेळेले आमी स्वयंपाकाच्या शेडमधे बसलो. चंदाबाई खिचडी वाढता-वाढता म्हणे, "वैजयंते, लय चालवू नको बापा पोरीले. तालुक्याची मॅडम येईन, पाहीन, अन् म्हनीन हे तं चालते, आता मदतनीस कायले? तुही छुट्टी."

मी तोऱ्यात म्हटलं, "छुट्टी तं छुट्टी. मळ्यात माहे वांगे वाट पाहून राह्यले."

पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही. खरं लिहायचं ठरवलं आहे तं लिहिते. हे काम मले आवडाले लागलं. त्या पोरीचं 'काय भाव' ऐकल्याशिवाय सकाळ झाल्यासारखं वाटत नाही. एकदा असं बी मनात आलं, का निंबाच्या पुढं नाही गेली तरी काय बिघडते? मग स्वतःलेच मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. बाई आहे का कोण मी.

सुचितानं आज खिचडी तशीच ठेवली. चंदाबाईच्या तोंडाकडंच पाहत बसली होती. पोट दुखत असन.

६ ऑगस्ट

सरांनी ऑफिसात बोलावलं. दार लोटून घेतलं म्हणून मले वाटलं आपलं काही चुकलं. पण गोष्ट सुचिताची होती.

पुढच्या वर्षी ती पाचवीत. आमची शाळा चौथीपर्यंतच. बाजाराजवळच्या मोठ्या शाळेत मदतनीस नाही. तालुक्याच्या मॅडम मंगळवारी येणार, पोरीले पाहणार, अन् लिहून देणार. पोरगी आपल्या पायानं वर्गापर्यंत जाऊ शकते असं लिहिलं तं मोठी शाळा. नाही तं घरीच शिकायचं, आठवड्यातून एखाद्या वेळेस गुरुजी घरी येईन.

"घरी म्हनजे?" मी म्हटलं.

"घरी म्हनजे घरी," सर म्हणे. "खाटेवर. ना मैतरनी, ना मधली सुट्टी." मग हळूच म्हणे, "पोरीले सांगू नका. घाबरीन अन् जे येते ते बी विसरीन."

मी नाही सांगितलं. तिनं विचारलं बी, "ते मॅडम कायले येते?"

"पाह्यले."

"तुले?"

"तुले बी, मले बी."

"हं," म्हणे. त्यानंतर आज भाव केलाच नाही. सांगितलं तेवढं चालली अन् चिंच बी मागितली नाही. शहाणी झाली म्हणायची.

१२ ऑगस्ट

वाटोळं झालं.

मॅडम चांगल्या होत्या. कवळ्या वयाची बाई, स्कुटीवर आली, पोरीजवळ खाली बसून बोलली. म्हणे, "सुचिता, जरा चालून दाखवतेस?" पोरगी वॉकरले धरून उभी राहिली, डुगडुगली, अन् "माय वं" म्हणून खाली बसली. कालच्या काल ती निंबाले हात लावून आली होती. मी म्हटलं, "सुचे, पायरीपर्यंत. पायरीचाच भाव." तिनं नाही म्हणून मान हलवली. हातात पेन्सिल दिली तं म्हणे, "काकू धरीन." बोटं बी नाही चालत हिचे? वरून म्हणे, "काकू, नाक पूस." आजपर्यंत या पोरीनं नाकाले कोणाले हात लावू दिला नाही.

मॅडम उभ्या राहिल्या. म्हणे, "खूपच अवघड आहे हो तिला. घरीच सोय करू या." मग माह्याकडं वळून म्हणे, "तुम्ही मात्र किती करता तिचं. मॅडम, तुमचं खरंच कौतुक आहे."

एवढ्या दिवसात पहिल्यांदा कोणी मले मॅडम म्हटलं, अन् ते कारल्यावानी कडू लागलं.

सर मात्र डोक्याचे निघाले. मॅडमले म्हणे, "कागद आता नका देऊ. तेवीस तारखेले आपल्या शाळेत पोरांचा, लाकडी बैलाचा तान्हा पोळा आहे, तुमी पाहुण्या म्हून या. कागद तवाच घेऊन या." मॅडमले काही समजलं नाही, पण हो म्हणाल्या.

सुचिता खुशीत होती. आजाच्या गाडीवर बसताना तिनं मले डोळा मारला. आपलं काय गेलं तेच समजत नाही पोरीले.

१३ ऑगस्ट

आज मी तिच्यासंगं बोलली नाही. तरी तिनं स्वतःहून वॉकर घेतला, निंब गाठला, अन् निंबाच्या पुढं जाऊन फाटकाले हात लावून आली. मॅडमपुढं उभं राहवत नाही अन् आज फाटक. माह्यावरच कायचा तरी राग असन तिचा. टमाट्याचा असन.

१९ ऑगस्ट

नवऱ्याले विचारलं, माह्यात काही खोट आहे का? गजेंद्र म्हणे, "कोनत्या बाबतीत?" म्हणजे बऱ्याच आहेत. पुढं विचारलं नाही.

२२ ऑगस्ट, पोळा

दुपारून बैलं घरोघरी फिरतात. सुचिताचे आजोबा, पुंजाजीबुवा, आपली जोडी घेऊन आमच्या दारात आले. मी बैलाच्या पायावर पाणी टाकलं, पुरणपोळी चारली. शिंगाले बेगड झकास लावलेली होती. मी म्हटलं, "बुवा, बेगड कोनं लावली? लय सफाई आहे."

"सुचितानं."

"गोठ्यात कोनं नेलं तिले?"

"नेतं कोन? रोजच येते थे. सकाळी उठली का वॉकर घेऊन गोठ्यात. बैलाले गोष्टी सांगते कायच्या तरी बाजाराच्या, माल पोत्याखाली झाकाच्या."

मी आरतीचं ताट सासूबाईच्या हातात देलं अन् तशीच निघाली. सासूबाई मांगून म्हणत होती, अजून तीन जोड्या यायच्या आहेत. येऊ दे.

सुचिता ओट्यावर बसून आपला लाकडी बैल रंगवत होती. मी म्हटलं, "काहून झाकून ठेवलं मॅडमपासून?"

तिनं ब्रश थांबवला नाही. "तूच तं सांगतलं. भाव पाडायले येते त्याले दाखवायचं नाही."

"कोनाचा भाव?"

"तुहा. चंदाबाई म्हने, मी चालली का तुही छुट्टी. थे मॅडम तुले न्यायले आली होती. म्हून मी सगळा माल पोत्याखाली ठेवला." मग तिनं माह्याकडं पाह्यलं. "रडून काहून राह्यली? बराबर नाही केलं का?"

मी ओट्यावर बसली. पदरानं डोळे पुसले. एवढं कोणी माह्यासाठी माहेरी केलं नाही अन् सासरी तं विचारूच नाही. पण खरं सांगावंच लागलं. म्हटलं, "सुचे, त्या कागदानं माही छुट्टी नाही होत. तुही होते. तुले शाळा बंद. घरी बसशीन."

तिचा ब्रश बैलाच्या पाठीवर तसाच टेकून राहिला. निळा ओघळ खाली पोटापर्यंत गेला. म्हणे, "मंग उद्या चालते. पन पाचवीत तू संग येशीन."

'येईन' म्हणून मोकळं व्हायचं होतं. बाजारात आमी कालच्या भाजीले ताजी म्हणतोच. तिनं लगेच उद्या फाटक गाठलं असतं. पण या पोरीनं माहं सगळं शिकवणं मनावर घेतलं आहे, मग हे खोटं बोलणं बी घेईन. मी म्हटलं, "नाही येनार. तिथं मदतनीस नसते. तुले एकटीलेच जायचं आहे."

"मंग नाही चालत."

"नको चालू."

"नाहीच चालत."

"बरं, जाते मी," म्हणून उठली. मांगून हाक येईन म्हणून कोपऱ्यापर्यंत हळू-हळू गेली. चप्पल नीट करायले थांबली. हाक आली नाही. आता यात गिऱ्हाईक मी आहे का ती, तेच समजून नाही राह्यलं.

उद्याची लय धास्ती वाटते. सासूबाईनं विचारलं, काय झालं? सांगितलं. म्हटलं, पोरीची शाळा जाईन माह्या वांग्या-टमाट्याच्या अकलेपायी. सासूबाईनं माह्या ताटात अजून एक पोळी वाढली.

२३ ऑगस्ट

सकाळी मैदानात पोरंच पोरं. कोणी धोतर, कोणी फेटा, हातात दोरी अन् दोरीले लाकडी बैल. निंबाले आंब्याच्या पानाचं तोरण. मॅडम पाहुण्यांच्या खुर्चीत, मांडीवर पर्स, अन् पर्समधे तो कागद. मले तो इथून दिसत होता.

सुचिता आली. डोक्याले फेटा, काजळाची मिशी, वॉकरले मांगून बांधलेला बैल. बैलाच्या पोटावर निळा ओघळ तसाच होता. माह्याकडं पाह्यलंच नाही. वॉकर टेकत सरळ मॅडमपुढं जाऊन उभी राहिली. मॅडमचे डोळे मोठे झाले, कारण तेवढ्यानंच निम्मं काम झालं होतं.

"मॅडम, त्या कागदात माही शाळा बंद लिवली का?"

मॅडम गडबडल्या. "बंद नाही गं, घरीच छान..."

"थे बदलून द्याचं काय घेसान?"

मॅडमले समजेना. सर तोंड फिरवून फळ्याकडं पाह्यले लागले, पण त्यांचे खांदे हलत होते. मॅडम म्हणे, "म्हणजे... बरं, त्या तोरणापर्यंत जाऊन दाखवशील?"

"तोरनाचं काय, थे तं रोजचंच आहे," सुचिता म्हणे. "मी फाटकापर्यंत जाते अन् वापस येते. वर बैल बी ओढून नेते. पन मोठ्या शाळेचं लिवा. बोला."

मॅडम म्हणे, "ठरलं."

निघाली. पोरं बाजूले झाले. निंबाजवळच्या चिखलात बैल उलटला. दोरी ताणली, वॉकर तिरपा झाला. मी पळतच गेली. हात पुढं केला तं म्हणे, "हात लावू नको, काकू. हाताळला का माल खराब होते." दुकानावर टमाटे दाबून पाहणाऱ्याले मी हेच म्हणते, जसंच्या तसं. एका हातानं वॉकर धरून ती वाकली, दोरी ओढली, बैल सरळ केला. मी मैदानाच्या मधात उभी, हात हवेतच. मग हात मांगं घेतले अन् एकमेकात धरून ठेवले, दुसरं काय करणार होती.

फाटकाले हात लावला. परत आली. घामानं मिशी गालावर उतरली होती. मॅडमनं पर्स उघडली, तो कागद घडी करून आतल्या कप्प्यात सरकवला अन् म्हणाल्या, "सर, मला एक कोरा कागद मिळेल?" सर स्वतः पळत गेले. एवढे पळताना मी त्यांना आजपर्यंत पाह्यलं नाही.

चांगल्या बैलाचं बक्षीस तिच्या वर्गातल्या मुन्नाले गेलं. त्यावरून सुचिता घरी जाईपर्यंत भांडली. म्हणे, त्याच्या बैलाले तं शेपूट बी नाही.

तेच, दिवस मावळताना

लिहून झालं होतं, पण एक राहिलं.

तान्ह्या पोळ्याले पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात अन् बोजारा मागतात. लोक पैसे देतात, खाऊ देतात. आमचं घर गावाच्या टोकाले, मळ्याजवळ. तिथपर्यंत कोणी पोरगं येत नाही. मी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती तं रस्त्यानं बैलाचं चाक कुरकुरलं. पाहते तं सुचिता. एकटी. बाभळीच्या मांगं पुंजाजीबुवाची टोपी दिसत होती, पण मी टोपी दिसलीच नाही असं केलं.

"बोजारा," म्हणे.

सासूबाईनं कमरेची नोट काढली. सुचिता म्हणे, "पैसे नको. काकूकडून पाहिजे."

"काय पाहिजे?"

"मोठी शाळा बाजाराजवळ आहे. बाजारच्या दिवशी शाळा सुटली का मी तुह्या दुकानावर येईन. मले बसाले जागा पाहिजे."

मी म्हटलं, "जागा कुठं आहे? तिथं कांदे असतात."

"कांदे सरकव."

"तू लय बोलतं. गिऱ्हाईक पळून जाईन."

"भाव मी सांगीन, तू नुसती तोल."

"एक बाजार सोडून एक."

"दर बाजारले. अन् चिंच."

सासूबाई मधातच म्हणे, "बसू दे तिले. नरम टमाटे ठेवत जातं तू, कोनी तरी नजर ठेवाले पाहिजे." आवडाबाईले या घरात पहिल्यांदा काहीतरी आवडलं, अन् ते माह्या विरोधात आवडलं.

भाव पटला. सुचितानं बैल वळवला. अंधार पडाले आला होता, वाट चिखलाची. मी जुडी टाकून उठली, चपला शोधाले लागली.

तिनं मांगं न पाहताच म्हटलं, "बस खाली, काकू. गिऱ्हाईकाच्या मांगं जात नसतात."

मी बसली. पाय लय उठू-उठू करत होते, पण बसली.